तुझ्या घसरण्याचा फोटो माझ्याकडे नाही

प्रिय चिमे,

“मामा, सहाव्या पाण्याला घसरले तो फोटो डिलीट कर. ग्रुपवर टाकू नको. चांगला एखादा असेल तर पाठव.” सोमवारी सकाळी सातला आलेला तुझा निरोप एवढाच. त्यावर मी नुसता अंगठा पाठवला, आणि मामाने काम केलं असं तू धरून चाललीस. मी काहीच केलेलं नाही. डिलीट करायला तो फोटो मुळात माझ्याकडे नाहीच. त्या रविवारी आमच्या कंपूने मिळून तीन हजारांच्या वर फ्रेम काढल्या. शेठच्या एकट्याच्याच निम्म्या असतील. पण तुझं घसरणं त्यातल्या एकीतही नाही. हे तुला पटणार नाही, म्हणून कागद घेऊन बसलो. ताईला वाचून दाखवायचं की नाही ते तुझं तू ठरव.

आधी आम्ही कुठे बसतो ते सांगतो. खालून तुम्हाला सगळा स्टँड म्हणजे नुसती माणसांची रास दिसत असणार. बालेवाडीला आमची जागा ठरलेली नाही. ऊन पाठीशी येईल ती आमची. आठच्या आत पोचायचं, पायऱ्या फुंकर मारून साफ करायच्या, वर्तमानपत्र अंथरायचं. मग मास्तर थर्मास काढतो, शेठ त्याची ती भली मोठी लेन्स काढतो (हार्डवेअरच्या दुकानातला सगळा नफा तिच्यात गेला, असं त्याचा मुलगा म्हणतो), आणि वहिनी पिशवीतून पेन्सिल आणि स्पर्धकांची यादी काढतात. वहिनी म्हणजे मास्तरची बायको. त्यांच्याकडे कॅमेरा नाही, फोन आहे. पण कुठल्या लेनमध्ये कोण आहे, कितवी फेरी चालू आहे, कुणाचा नंबर पाठीवर उलटा लागला आहे, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळतं. मैदानात उतरायला प्रेसचं जाकीट लागतं. ते आमच्याकडे नाही, आणि या वयात कुणी देईल असंही नाही. आम्ही स्टँडवाले.

आधी मला याचं वाईट वाटायचं. खाली कडेला गुडघा टेकून बसलेले फोटोग्राफर बघून जळायचो. त्यांच्या फोटोत धावणारा आभाळाएवढा दिसतो, मागे गर्दी धूसर, कपाळावरचा घाम मोजून घ्यावा. खालून काढलेल्या फोटोत माणसाचा पुतळा होतो. वरून काढला की माणूस तेवढाच राहतो, पण त्याच्या मागे ट्रॅकचा एकरंगी पट्टा येतो आणि सकाळचं ऊन असेल तर शेजारी त्याची सावली पळताना दिसते. मला हळूहळू ती सावली आवडायला लागली. सावलीत गुडघा किती वर उचलला आहे हे अंगापेक्षा स्वच्छ दिसतं. तुझ्या सरांना सांग, हवे असतील तर असे चाळीसेक फोटो आहेत माझ्याकडे.

आमचा हा उद्योग सुरू झाला २०१३ च्या जुलैत. आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा त्या वर्षी पुण्यात, याच बालेवाडीत झाली. तू तेव्हा अंगणवाडीत होतीस. ३ ते ७ जुलै, म्हणजे ऐन पावसाचे दिवस. मी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पिशवीला लेन्सपुरतं भोक पाडून बसलो होतो. मास्तर तेव्हा नुसता बघायला यायचा. विकास गौडाने थाळीफेकीत सुवर्ण घेतलं ते मी बघितलं, पण माझ्या फोटोत थाळी नाही. एकाही फोटोत नाही! हात आहे, मान आहे, जाळी आहे, आणि थाळी माझ्या शटरच्या आधीच निघून गेलेली. शेवटी आपल्या मुलींनी चार बाय चारशे रिले जिंकली तेव्हा तर मी कॅमेरा मांडीवर ठेवून उभाच होतो. उभं राहिल्यावर कॅमेरा मांडीवर राहत नाही, हे मला त्याच दिवशी कळलं. त्याला अजून एक पोचा आहे.

पण तुला सांगायचं ते दुसरंच. मुलींची तीन हजार मीटर स्टीपलचेस मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिली. बहारीनकडून धावणारी रूथ जेबेत तेव्हा सोळा वर्षांची, म्हणजे तुझ्यापेक्षा लहान. ती जिंकली, आपली सुधा सिंग दुसरी आली. जेबेतच्या धावण्यात दमणं नावाची गोष्टच दिसत नव्हती. तीन वर्षांनी रिओ ऑलिंपिकला तिने सुवर्ण घेतलं. त्याच अंतिम शर्यतीत आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर दहावी आली, आणि त्याआधी प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात जेबेतवर बंदी आली. ते वाचलं त्या रात्री मी २०१३ चे फोटो पुन्हा काढून पाहिले. पाण्यावरून उडणारी ती काटकुळी मुलगी. फोटोत तेव्हाही काही कळत नव्हतं, आताही कळत नाही. ते फोटो मी काढून टाकले नाहीत.

तेव्हापासून स्टीपलचेस असली की आम्ही पाण्याच्या खड्ड्यासमोर जागा धरतो. ही शर्यत म्हणे घोड्यांच्या शर्यतीवरून निघाली, एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, वाटेतले ओढे नि कुंपणं ओलांडत. आपल्याकडे निघाली असती तर ज्योतिबापासून खंडोबापर्यंत धावायला लागलं असतं आणि मधे ओढ्याऐवजी ऊस लागला असता. अठ्ठावीस कोरडे अडथळे आणि सात वेळा पाणी, हे तुला मी सांगायला नको. पण स्टँडमधल्या लोकांना खरंच माहीत नसतं, की हा अडथळा हर्डलसारखा पाय लागला की पडत नाही. ऐंशी ते शंभर किलोचा तो ओंडका तसाच राहतो, पडायचं ते धावणाऱ्याने. मागे एकदा एक काका मला म्हणाले, “उगाच घाबरतात हो पोरी, ढकलून द्यायचा सरळ.” मी त्यांना म्हटलं, शर्यत संपली की खाली जाऊन तुम्ही जरा ढकलून या.

फोटोवाल्यांचा सगळा जीव त्या पाण्यात अडकलेला असतो. पाणी उडतं, उन्हात चमकतं, तोंडं वाकडी होतात. दीड-पावणेदोन मिनिटांनी धावणारे पुन्हा त्याच जागी येणार, म्हणजे सात वेळा संधी. शटर हजारावर ठेवायचं, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतंच उघडणारं. तेवढ्यात तुमचं अंग अर्धा सेंटिमीटरसुद्धा पुढे सरकत नाही आणि पाण्याचा थेंब थेंबासारखा दिसतो. फोकस आधीच ओंडक्यावर बांधून ठेवायचा, माणसाच्या मागे धावायचं नाही. माणूस ओंडक्यावर पाय ठेवणारच आहे. पहिल्या फेरीत घोळका असतो, एकमेकींच्या खांद्याआड सगळ्या लपतात, तिथे फ्रेम वाया घालवायच्या नाहीत. तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून रांग लांबते, तेव्हा खरी मजा. पाय दमले की उडी आखूड पडते. खड्डा ओंडक्याजवळ खोल आणि पुढे उथळ होत गेलेला, त्यामुळे जी लांब उडते तिच्या पावलाशी पाणी येतं, जी आखूड पडते तिच्या मांडीशी. कोण किती दमलंय हे पाण्याच्या उंचीवरून कळतं. तोंडावरून कळत नाही, शर्यतीत तोंडं फार खोटं बोलतात.

आणि या सगळ्यात लोक वाट कशाची बघत असतात, तर कुणीतरी पडायची. आम्हीही बघायचो. हे मी तुला आजवर सांगितलेलं नाही, आज सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत (गाव सांगत नाही) मला तो फोटो मिळाला. एक मुलगी ओंडक्यावरून सुटली आणि डोकं खाली, पाय वर, सरळ पाण्यात. दोन्ही हात पसरलेले, वेणी हवेत. इतका नेमका फोटो मला त्याआधी कधी जमला नव्हता, नंतरही जमलेला नाही. काढल्या काढल्या मी कॅमेऱ्याची मागची काच बघायला लागलो. मोठा करून बघितला, शेठला दाखवला, मास्तरला दाखवला. तिघंही माना घालून त्या काचेत. माझ्या मागच्या पायरीवर एक गृहस्थ बसले होते, पांढरा सदरा, हातात दोन पाण्याच्या बाटल्या. ते वाकून म्हणाले, “साहेब, ती उठली तेव्हाचा आहे का हो?” मी म्हटलं, कोण? ते म्हणाले, “माझी पोरगी आहे. पडलेली मी बघितली. तुमच्या मशिनमध्ये उठलेली आली असली तर बघायची होती.”

नव्हती आलेली. ती उठली, धावली, पुढचा ओंडका तिने घेतला, तेवढा सगळा वेळ आम्ही तिच्या पडण्याकडे बघत होतो. माझ्याकडे अकरा फ्रेम होत्या आणि अकराही पाण्यात बुडेपर्यंतच्या. तो फोटो मी त्याआधीच दोन ठिकाणी पाठवलाही होता. तिथून तो कुठे कुठे गेला, कोण कोण हसलं, देवाला ठाऊक. त्या गृहस्थांनी काही भांडण केलं नाही. एक बाटली मला दिली, प्यायला. ते जास्त लागलं.

परत येताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही. पुढच्या स्पर्धेला वहिनींनी घरून चिकटपट्टी आणली आणि तिघांच्याही कॅमेऱ्यांच्या मागच्या काचेवर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला. शर्यत संपल्याशिवाय काढायचा नाही. तो नियम आजतागायत आहे. दुसरा नियमही वहिनींचाच: फोटो बाहेर जाण्याआधी त्यांच्या नजरेखालून जायचे. लांब लेन्स काय काय जवळ आणते हे पुरुषांना कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. लांब उडी, अडथळे, खाली वाकून बूट बांधणं, यात कितीतरी फ्रेम अशा निघतात की काढणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण बघणाऱ्याच्या मनात येतं. वहिनी टेबलावर चहा ठेवून बसतात आणि एकेक फोटो बघून “हा ठेव”, “हा काढ” म्हणतात. मी एकदा वाद घातला, की अहो, प्रकाश बघा किती सुंदर आहे. म्हणाल्या, “प्रकाश दुसऱ्या फोटोतही असेल.” तुझ्या मैत्रिणींना आमच्या फोटोंबद्दल काही शंका असेल तर हे सांग त्यांना.

मास्तरला यातलं काहीच आवडत नाही, तो निराळाच प्राणी. त्याच्या मते मैदानावर खरा कॅमेरा एकच असतो, तो अंतिम रेषेच्या सरळ रेघेत वर बसवलेला. तू त्याच्याखालून किती वेळा गेलीस, पण त्याने काढलेलं चित्र कधी नीट बघितलं आहेस का? तो कॅमेरा सगळं मैदान बघत नाही. फक्त रेषेची एक चिंचोळी फट बघतो, सेकंदात हजाराहून जास्त वेळा, आणि त्या फटी शेजारी शेजारी चिकटवत जातो. म्हणून त्या चित्रात डावीकडून उजवीकडे जागा नसते, वेळ असते. कोण कुठे होतं हे त्यात नाही, कोण कधी आलं एवढंच आहे. रेषेवर पाऊल टेकलेलं असेल तर ते तिथे जितका वेळ थांबलं तितकं लांब दिसतं, बर्फावर घसरायच्या लांब पट्टीसारखं. आणि मोजतात धड, हे तुला माहीत आहेच. डोकं नाही, हात नाही, पाय नाही. मास्तर म्हणतो, त्या कॅमेऱ्याला नाकाचं काही पडलेलं नसतं, म्हणून तो खरा.

मग गाडी लॉस एंजेलिसवर येतेच. ८ ऑगस्ट १९८४, चारशे मीटर हर्डल्स. रुमानियाची कोजोकारू ५५.४१, आपली पी. टी. उषा ५५.४२. एक शतांश सेकंद. मास्तर बोटं पुढे करून दाखवतो: त्या वेगाने एका शतांशात माणूस सात सेंटिमीटर जातो, म्हणजे चार बोटं. छाती चार बोटं पुढे टाकायची राहिली आणि पदक गेलं. दर वर्षी कुणीतरी नवीन माणूस शेजारी बसलेला असतो, दर वर्षी मास्तर त्याला ही चार बोटं दाखवतो, आणि दर वर्षी मला घशात काहीतरी होतं. तुझ्या पिढीला चार बोटांच्या जागी फूटभर मिळाला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, स्टीपलचेसला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ८:११.२० मध्ये आला आणि केनियाचा किबिवोत ८:११.१५. पाच शतांश. ज्या शर्यतीत राष्ट्रकुलची तिन्ही पदकं केनियाचेच लोक घरी नेत आले, तिथे हा एका फुटाने दुसरा. ती शर्यत आम्ही शेठच्या दुकानात टीव्हीवर बघितली. गिऱ्हाईक नट-बोल्ट मागत उभं होतं आणि शेठ त्याला म्हणत होता, “थांब, शेवटचं पाणी आलंय.”

हां, तर तुझा रविवार.

तू कॉल रूममधून बाहेर आलीस तेव्हा वहिनींनी तुला पहिल्यांदा ओळखलं, माझ्या आधी. “ती बघ, उजव्या पायाचा मोजा खाली गेलाय तिचा.” मी लेन्स लावली तर खरंच गेलेला. स्टार्टरने हात वर केला. तुला ठाऊक आहे का, वरून आधी धूर दिसतो आणि मग आवाज येतो. शंभर मीटरवर बसलं की जवळजवळ पाव ते तिसरा भाग सेकंदाचा फरक. म्हणजे तुम्ही निघालेल्या असता आणि आमच्या कानावर “निघा” आलेलं नसतं. त्या तेवढ्या फटीत सगळा स्टँड मुका असतो आणि खाली बाराजणी धावत असतात. मला ती फट फार आवडते. तुझा पहिला फोटो तिथला आहे: धूर अजून हवेत, तू चौथी, तोंड घट्ट मिटलेलं. बरा आहे. पण तुझ्यापुढच्या मुलीचं कोपर तुझ्या हनुवटीवर आलं आहे.

दुसरा तिसऱ्या पाण्याचा. इथे मी चुकलो. तू ओंडक्यावर पाय ठेवलास ते ठीक टिपलं, पण उतरताना तुझा हात चेहऱ्यावर आला, त्यामुळे फोटोत एक हात, एक कान आणि खूपसं पाणी आहे. पाणी फार छान आलं आहे. शेठ म्हणाला, भाचीचा म्हणून नको, पाण्याचा म्हणून फ्रेम करून लाव.

पाचव्या फेरीपर्यंत तू चौथीच होतीस. वहिनी पेन्सिलने खुणा करत होत्या. शेठ पुढच्या दोघींच्या मागे लागलेला, कारण त्यांच्यात चुरस होती आणि तो स्वभावाने पहिल्या नंबरचा माणूस. मास्तर शटर तीसवर ठेवून पलीकडच्या सरळ रेघेत कॅमेरा फिरवत बसला होता. त्याला माणूस स्पष्ट आणि मैदान फरफटलेलं असं हवं असतं, शंभरात दोन जमतात. म्हणजे तुझ्यावर एकटा मी होतो. कॅमेरा डोळ्याला, फोकस बांधलेला, बोट शटरवर. तू वळणावर आलीस, ओंडक्याच्या आधी दोन पावलं आखूड पडली तेव्हाच मला कळलं. पाऊल ओंडक्यावर पूर्ण टेकलंच नाही. टाच सुटली.

मी बोट दाबलं नाही. नियम आठवला म्हणून नाही, उगाच मोठेपणा घेणार नाही. कॅमेरा माझ्या हातातून सुटला होता आणि गळ्यातल्या पट्ट्याला लटकून पोटावर आपटत होता, आणि मी पुढच्या पायरीवरच्या बाईंच्या खांद्याला धरून “ऊठ गं, ऊठ, ऊठ” ओरडत होतो. त्या बाईंची मी नंतर माफी मागितली. त्यांचा मुलगा गोळाफेकीत होता, त्या म्हणाल्या, असू द्या, मीही आत्ता कुणाचा तरी खांदा धरणारच आहे.

म्हणून फोटो नाही. पण मी बघितलं, ते सांगतो. तू डाव्या कुशीवर पडलीस. पाणी डोक्यावरून गेलं. तुझा एक हात खड्ड्याच्या काठाला लागला होता, दुसरा पाण्याखाली काहीतरी शोधत होता, बहुधा जमीन. तेवढ्यात हिरव्या बनियनवाली तुझ्या शेजारून उडाली आणि तिचं पाणी पुन्हा तुझ्या तोंडावर. तू मैदानाकडे बघितलं नाहीस, स्टँडकडे नाही, गुडघ्याकडेही नाही. तिच्या पाठीकडे बघितलंस. आणि उठून आधी पाण्यातच दोन पावलं चाललीस, घरात कुणी झोपलेलं असताना आपण चालतो तशी, अगदी सावकाश, आणि तिसऱ्या पावलाला धावायला लागलीस. छातीवरचा नंबर एका पिनेवर लोंबत होता. वहिनी म्हणाल्या, “साडेतीन सेकंद.” त्या मनात मोजत होत्या म्हणे. मला विचारलं असतंस तर मी पाच मिनिटं सांगितली असती.

पुढची फेरी मी कॅमेरा उचललाच नाही. सातवं पाणी तू नीट घेतलंस, उलट सगळ्यांत लांब उडालीस, पावलाशी पाणी. पाचवी आलीस. तुझा तिसरा फोटो त्यानंतरचा आहे, रेषेपलीकडे तू वाकलेली, चेहरा नाही, नुसती पाठ आणि ओली वेणी. तो मी काढून टाकला तरी चालेल, तुझं तू सांग.

बरोबर पाठवतो आहे तो वहिनींचा आहे, फोनवरचा. शर्यत झाल्यावर त्या यादी नि पेन्सिल माझ्या हातात देऊन तरातरा खाली कठड्यापर्यंत गेल्या. फोटो थोडा तिरका आहे, कठड्याचा एक गज मधे आला आहे, आणि शेठ म्हणतो तसा तांत्रिकदृष्ट्या त्याला काही अर्थ नाही. तू गवतावर बसली आहेस, बूट शेजारी, आणि दोन्ही हातांनी मोजा पिळते आहेस. ताई धुणं पिळते तसा, एक टोक कोपराखाली दाबून. समोर ती हिरव्या बनियनवाली बसली आहे आणि तिने तिचा मोजाही पिळायला तुझ्यापुढे धरला आहे. तुम्ही दोघी कशाला तरी हसता आहात. कशाला ते लिहून पाठव, वहिनींनी विचारलं आहे.

मास्तरने तो फोटो बघितला आणि गप्प बसला. मग परत येताना, चांदणी चौकात गाडी अडकली तेव्हा, त्याचं ते नेहमीचं काढलं: याच पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं दोराबजी टाटांनी बघितली आणि त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला आपली माणसं गेली. हे तो दर वर्षी सांगतो, पण या खेपेला शेवटी म्हणाला, “त्या पोरांना मोजे पिळावे लागले नाहीत.” शेठ इतका हसला की मागच्या गाडीने हॉर्न दिला.

आता कामाचं. पुढची स्पर्धा कधी ते कळव, आणि एक नीट बघून सांग. तू पाण्याच्या ओंडक्यावर कुठला पाय ठेवतेस? तुम्ही सगळ्या घड्याळाच्या उलट्या दिशेने धावता, म्हणून बाहेरून आम्हाला तुमची कायम उजवी बाजू दिसते. ओंडक्यावर डावा ठेवलास तर उजवा पाय पाण्याकडे जातो, डावा हात पुढे येतो, आणि आमच्या बाजूने चेहरा मोकळा राहतो. उजवा ठेवलास तर उजवा हात पुढे येऊन नेमका तोंडावर, तिसऱ्या पाण्याला झालं तसं. माझ्यासाठी पाय बदलायला जाऊ नकोस, सर मला मारतील. उजवा असला तर मी पलीकडच्या स्टँडमध्ये जाऊन बसेन, तिथे ऊन डोळ्यांवर येतं, पण मास्तरची छत्री आहे.

आणि मोज्याचं इलॅस्टिक गेलंय तुझ्या. दोन जोड घेऊन ठेवलेत, ताईबरोबर पाठवतो.

तुझा,
मामा